पुढचं काम

निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला
की माझा फोन वाजायला लागतो.
गोधडीची वरची बाजू जोडून झालीये,
पुढचं तुम्ही करा.
सगळ्यांचं हेच. पुढचं.

सातपूरला, पपया नर्सरीच्या अलीकडे, गाळा नंबर नऊ.
शेजारी पावडर कोटिंग.
त्यांच्या भट्टीची ऊब भिंतीतून येते,
तिचं भाडं अजून कुणी मागितलेलं नाही.

बारा फुटी चौकट, तीन रूळ,
खाली अस्तर, मधे कापूस, वर लोकांचे तुकडे.
घरच्या मशीनवर कापड सरकतं, सुई जागेवर.
इथे उलटं. कापड ताणून पडलेलं
आणि मी दोन्ही मुठींत धरून यंत्रच चालवते,
कमरेतून, चवड्यांवर,
अंगण सारवताना हात फिरतो तसं.
आखणी नाही. नक्षीचा कागद नाही.
डिझाईन कुठलं, लोक विचारतात.
बघू, म्हणते मी, कापड काय म्हणतंय.
हे बोलायला बरं असतं. खरं तर
आदल्या रात्री भाजी फोडणीला टाकून
ओट्यावरच्या पिठात बोटानं गिरवून बघते.

मालन गांगुर्डे रिक्षातून आल्या,
खताच्या गोणीत घडी.
उघडली तर राखी-निळे ॲप्रन. अकराजणींचे.
कॉइल वाइंडिंगचं खातं होतं,
कंपनी उत्तराखंडला गेली, खातं गेलं.
पट्ट्या कापून हातानं जोडलेल्या,
खिसे मात्र तसेच, टोकन नंबरासकट.
चारशे बारा. चारशे एकोणीस.
एकावर नुसतं ‘सु’, पुढचं उसवलेलं.

शिवण वाकडी. मधे फुगा, कडा आखूड.
हे सपाट पडणार नाही, मी म्हटलं.
“मग नका पाडू,” म्हणाल्या
आणि बाकावर बसल्या. जाईनात.

फुग्याला धीर लागतो.
कडेकडून बारीक वळसे घालत आत यायचं,
जादाचं कापड दर वळशात थोडं थोडं खपवायचं,
रेघेनं रेघ न ओलांडता.
तिसऱ्या खिशाशी आले आणि खालचा दोरा संपला.

बॉबीन भरायचं यंत्र कोपऱ्यात.
मी वळेपर्यंत मालनबाईंनी रीळ लावलेलं,
दोरा अंगठा-तर्जनीतून सुटलेला,
नजर खिडकीबाहेर, कुणाची तरी स्कूटर बघत.
बॉबीन हातात घेतली.
थराला थर चिकटून, एक वेढा वर नाही.
माझ्या बॉबीनचं मधे पोट सुटतं.
किती वेढे, मी गमतीनं विचारलं.
त्यांनी आकडा सांगितला.

मग लाइट गेली.
सुई कापडात रुतलेली, चारशे एकोणीसच्या शेजारी.
चहा मागवला.
चारशे एकोणीस आता पाथर्डी फाट्याला
पोळीभाजी केंद्र चालवते.
‘सु’ कोण ते आठवेना. सुमन की सुशीला.
दोघी होत्या, दोघींचा रिव्हॉल्व्हिंग स्टूल एकच,
त्यावरून भांडण.
“एकीचा ॲप्रन मिळाला. दुसरीला विचारायचं राहिलं.”
भिंत हळूहळू गार पडत गेली.

लाइट आली तशी माझा हात दचकला.
एक लांब टाका, तिरपा, खिशाला चाटून गेलेला.
मी मनात म्हटलं, राहू दे,
त्या दुपारची खूण.
मालनबाई उठल्या, चष्मा कपाळावर सारला,
माझ्याच डब्यातलं उसवणं घेतलं
आणि टाका काढून टाकला.
“असा माल पास होत नाही.”

पाच वाजता गोधडी रुळावरून उतरली.
मधे जरा उंचवटा राहिलाच.
त्यांनी तळहातानं दाबून बघितला, सोडला, परत दाबला.
चौरस फुटाचा हिशोब केला,
वरचे चाळीस मी सोडत होते, त्यांनी मोजून दिले.

जाताना मात्र टेबलावर सहा बॉबीन भरलेल्या.
कधी भरल्या, कळलं नाही.

पाच वापरल्या.
सहावी डब्यात आहे.
जपून ठेवली असं काही नाही,
रंगच लागत नाही तो,
राखी-निळा.