ओपेल, नार्व्याच्या फेरीवर

नार्व्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीवर
सकाळी सव्वासातला
झेफेरिन मिनेझिसची ओपेल उभी होती.
अंग आकाशी, छपरावर सायीचा रंग,
पोर्तुगीज अमदानीत आगबोटीतून उतरलेली,
अजून पहिल्या किल्लीला बोलणारी.
डेकच्या तेलकट पत्र्यावर मी गुडघे टेकले
आणि नदी, बॉनेट, टेकडीवरचं चर्च
एका ओळीत येईस्तोवर
श्वास धरून थांबले.
मग बटण दाबलं. एकदाच.
दहा वाजता डिचोलीत स्टुडिओ उघडायचा होता,
पासपोर्टचे आठ चेहरे वाट बघत होते.

झेफेरिन म्हणाला, "नंबर मात पुसून उडय,
टॅक्सवाले पळयतात."
मी नंबर पुसला.
कोपऱ्यात नाव टाकलं, हेमांगी सिनारी,
तांदळाच्या दाण्याएवढं,
आणि फोटो सोडून दिला फोनाफोनांतून,
ओहोटीला मानशीचं दार उघडावं तसा.
मानशीची निदान पावणी तरी होते,
दार उघडण्याआधीच ठरलेलं असतं
मासळी कुणाच्या टोपलीत पडायची.

कार्तिकात तो मला पुन्हा भेटला
बेळगावच्या एका टायरवाल्याच्या कॅलेंडरवर.
नोव्हेंबर महिना.
आरशात धरावा तसा उलटा केलेला,
चर्च डावीकडचं उजवीकडे,
मांडवी समुद्राकडून डोंगराकडे निघालेली.
पाटीवर भलताच नंबर चिकटवलेला.
आणि माझं नाव
तांदळातला खडा वेचावा
तसं वेचून टाकलेलं.

टायरवाला फोनवर फार गोड बोलला.
"फोटो फोनवर आला होता की वो ताई,
फोनवर आलेलं सगळ्यांचंच.
आणि गाडी काय तुमची आहे?"
झेफेरिनने तर ते कॅलेंडर
सालात, सायबिणीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं.
"गाडी म्हजी," तो म्हणाला,
"मागीर फोटोय म्हजोच न्हय?"
म्हापशाच्या वकिलाने चष्मा पुसत वाटणी केली:
गाडी त्याची, नदी सरकारची,
बटण तुमचं, म्हणून चित्र तुमचं.
नोटिशीची फी वेगळी.

त्या रात्री पुरावा म्हणून
मूळ फोटो पडद्यावर मोठा केला.
मोठा, आणखी मोठा,
पुढच्या चाकाच्या हबकॅपमध्ये शिरेपर्यंत.
तिथे मी होते,
चिंचोक्याएवढी, कॅमेऱ्यावर वाकलेली.
आणि माझ्या मागे एक माणूस
दोन्ही हातांनी निळा रेनकोट उंच धरून उभा.

फेरीचा खलाशी.
काचेवर ऊन येतंय म्हणून मीच कुरकुरले होते,
तर साखळी सोडून धावत आला
आणि मला सावली धरली,
माझा श्वास सुटेपर्यंत.
"म्हाका धाड हां एक," म्हणाला होता.
नंबरही दिला होता.
मी तो पेट्रोलच्या पावतीवर लिहिला,
आणि पावती...

कॅलेंडर काढून पाहिलं भिंगातून.
तिथेही होतो आम्ही, उलटे,
मी डावखुरी झालेली.
चोराच्या नखाला नाव लागलं,
आम्ही लागलो नाही.

नोटीस अर्धी टाइप केलेली होती.
"सदर छायाचित्राचे सर्व हक्क"
इथपर्यंत आले
आणि "सर्व" या शब्दापाशी
बोट बराच वेळ तसंच.

नोटीस पाठवलीच. ते वेगळं.
पण त्याआधी एक मोठी प्रिंट काढली,
चांगल्या कागदावर, पाण्याने न फुगणाऱ्या,
आणि पहिल्या फेरीला नार्व्याच्या धक्क्यावर गेले.
नवा पोरगा साखळी ओढत होता.
म्हणाला, तो चोडणच्या फेरीवर गेला, दोन महिने झाले.

पाकीट अजून माझ्या बॅगेत आहे.
प्रिंटच्या पाठीवर लिहिलंय,
छायाचित्र: हेमांगी सिनारी.
त्याखाली, सावली:
आणि पुढे मोकळी जागा.
नाव विचारायचं राहिलंय.