अक्षराला दहा रुपये

भांडीबाजारात, तांबटाच्या पायरीवर माझं बस्तान:
एक मशीन, एक बल्ब, बुडाखाली दुमडलेलं पोतं.
भांड्यांवर नावं घालते मी.
अक्षराला दहा रुपये, जोडाक्षराला पंधरा,
काना-मात्रा फुकट.

यंदा सान्वी एकोणचाळीस झाल्या.
अन्वी, शान्वी, मन्वी मोजल्याच नाहीत.
हाताला ते 'न्वी' इतकं पाठ झालंय
की भाकरी थापतानाही बोट तसंच वळतं.
वाईट नाही नाव, चांदीवर छान उठतं.
पण परवा बालवाडीच्या बाई सहा डबे घेऊन आल्या,
"ओळखू येत नाहीत हो. आडनावं घाला."

आज दुपारी एक जोडपं आलं.
तो सातपूरला कंपनीत, बाहीवर न निघालेला ग्रीसचा डाग.
तिच्या कानांवरून अजून बाळंतिणीचा रुमाल,
अंगाला शेपा-ओव्याच्या धुरीचा वास.
रविवारी बारसं. कुंभ रास, अक्षर 'स'.
"सान्वी घाला," तो म्हणाला.
ती म्हणाली, "थांबा ना जरा."

थांबा म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.
मी बटण बंद केलं.
तिला वेगळं हवं होतं, पण फार वेगळं नको;
शाळेत हसतील असं नको,
दरवेळी फोड करून सांगावं लागेल असंही नको.
'समृद्धी'वर तोच म्हणाला, "हायवे आहे तो."
मग त्याला 'सुरा' सुचलं, गाण्यातलं वाटून.
मी म्हटलं, द्राक्षांच्या गावात हे नाव नको, दादा.

शेजारी मोडीचा ढीग.
त्यातली एक घागर ती उगाच फिरवत बसली,
कुंभ राशीची आई म्हणून असेल.
पोचे आलेली, पोटावर गाळाची पुसट रेघ,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला गंगा लागलेल्या
कुठल्याशा वर्षाची.
काठाखाली छिन्नीनं ठोकलेली टिंबाटिंबांची अक्षरं:
सगुणा.
त्यावर आडवी रेघ.
खाली दुसऱ्याच हाताचं: सौ. सुशीला दत्तात्रय.

"दोघींची होती का?"
एकीचीच, मी म्हटलं.
घागर आत घेतली, नाव उंबऱ्याबाहेर ठेवलं.
तांदळात लिहिलेलं ताट हलवलं की जातं.
पितळेवरचं खोडावं लागतं,
आणि खोडलेलं
वाचता येतं.

तिनं हाक मारून पाहिली,
आधी हळू, मग लांबून मारावी तशी,
मग दूध सांडल्यावर मारतात तशी.
तिन्ही वेळा टिकलं.

त्यानं बहिणीला फोन लावला, नाव ठेवायचा मान तिचा.
स्पीकरवर आत्या हसली,
"अरे, भांडीवाल्या मावशींचं वाटतं ते!"
मी भांडीवालीच.
बल्बवरची धूळ पुसली.

तो एका चपलेनं दुसरी घासत राहिला.
बायकोकडे पाहिलं. घागरीकडे पाहिलं.
"किती होतील?"
तीस. सान्वीचे पंचवीस झाले असते.
"घाला," तो म्हणाला, "तिला मी सांगतो."

हल्लीच्या नावांत 'ण' सापडत नाही फारसा.
हात जरा बिचकला.
स-ची गाठ, ग-ची काठी,
तळाकडे वळून बसलेला उकार,
मग णा, उभ्या काठ्या एकीला लागून एक.
सुई नेहमीपेक्षा खोल धरली.
चांदी पातळ होती,
आतल्या बाजूला उमटलं थोडं.
उमटू दे. खीर खाताना लागेल जिभेला.

घागर तराजूवर चढू दिली नाही मी.
तांबट कुरकुरला, मोडीच्या भावानं पैसे घेतले.
माझ्या पोत्याशेजारी ठेवलीय, पाणी भरून.
गळत नाही.

दिवेलागणीला पुढचं गिऱ्हाईक आलं. सान्वी.
चाळिसावी.
तीही नीट काढली, शेवटच्या वेलांटीपर्यंत.
तिनं काय माझं घोडं मारलंय.