रात्री एक ते दोन

नेस्ताननं काढलेल्या पहिल्या फोटोत मी आहे,
म्हणजे माझा अर्धा कान आहे
आणि उरलेली चौकटभर भिंत.
"हललास," ती म्हणाली. मी हललो नव्हतो.
कॅमेरा मामाचा, स्मेना, पट्टा तुटलेला,
बुटाची नाडी बांधून तिनं तो गळ्यात अडकवला होता.

चियातुरात त्या हिवाळ्यात वीज रात्री एकला यायची
आणि दोनला जायची.
दिवा लागला की अख्खी गल्ली ओरडायची,
बाया इस्त्र्या तापवायच्या, कुणी पाव भाजायला घ्यायचं,
आणि आमची नेस्तान नेमकी तेव्हा शाळेकडे पळायची
अंधार करायला.

रसायनशास्त्राच्या ओटिया मास्तरांनी
फडताळामागची अडगळ तिला दिली होती.
खिडकीवर घोंगडी, लाल कागदात गुंडाळलेला बल्ब,
सूप प्यायच्या थाळ्यांत औषधं.
मी दाराशी राखणीला.
घड्याळ विकलेलं, म्हणून मास्तर मोठ्यानं आकडे मोजायचे,
आणि अठराव्या आकड्याला कागदावर
कुणाच्या तरी भुवया उगवायच्या.
आधी भुवया. नेहमी आधी भुवया.

शाळेच्या भित्तिपत्रकात तिनं काय लावलं?
फुटबॉलचा संघ नाही, पाहुण्यांचा सत्कार नाही.
रोपवेच्या पाळण्यात चार खाणकामगार,
चौघांत फिरणारी एक सिगारेट.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यात सुंदर काय आहे?"
नेस्तान म्हणाली, "तिसरा."
त्याला म्हणे आठवडाभर खाणीत चिडवत होते.

मग मार्चमध्ये खाण खचली.
फाटकाशी बायका उभ्या. ती सतरा वर्षांची.
तिनं कॅमेरा डोळ्याला लावला,
तशी माझ्या वर्गातल्या बादरीची आई वळली
आणि नुसती बघत राहिली.
नेस्ताननं कॅमेरा कोटाच्या आत सरकवला.
तेव्हा काळ्या शालीतली एक म्हातारी, आमच्या ओळखीची नाही,
म्हणाली, "काढ गं पोरी.
नाही तर उद्या म्हणतील, इथं कुणी उभंच नव्हतं."

एकच फोटो.
कुताइसीच्या वर्तमानपत्रानं छापला, नावाशिवाय.
मानधन: दोन लिटर रॉकेल.
आई म्हणाली, लेक कमावती झाली.
बादरीच्या आईनं ते पान जपून ठेवलं
की चुलीत घातलं, मी कधी विचारलं नाही.
नेस्तानही विचारत नाही. फोनवर दरवेळी फक्त
"ती कशी आहे?"

आता तिचं नाव छापून येतं, फोटोखाली, बारीक अक्षरांत,
मला उच्चारता न येणाऱ्या गावांमधून.
डोक्याला हेल्मेट, खांद्यावर दोन दोन कॅमेरे;
नाडी अजून आहे, मी पाहिलीय, बॅगेच्या चेनला.
नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं, कुठे शिकलात?
तिनं सांगितलं: रात्री एक ते दोन.

ओटिया मास्तर गेले तेव्हा ती पोचू शकली नाही.
अडगळ रिकामी करायला मीच गेलो.
डागाळलेल्या थाळ्या, चहाच्या डब्यात फिल्मच्या गुंडाळ्या.
एक पट्टी खिडकीशी धरली:
पाळी संपवून वर आलेली माणसं,
मँगनीजनं माखलेले चेहरे निगेटिव्हमध्ये पांढरेशुभ्र,
कुणीतरी सगळ्यांना ओळीनं न्हाऊ घातल्यासारखे,
आणि वर आकाश काळंकुट्ट,
पावणेएकचं.

हात अवघडला.
हललो नाही.