शेपू फुलला तेव्हा

टोमॅटोचा अख्खा शेंडा रात्रीत गेला.
देठं उरली, बांगड्याच्या काट्यासारखी.
खाली मिऱ्यांएवढ्या काळपट लेंड्या.
लेंड्या दिसतात, चोर दिसत नाही.

टोलेडो, ओहायो. ऑगस्ट.
मुलीच्या घरामागे माझे चार वाफे,
कुंपणापलीकडे बर्निस नोवाक, वय चौऱ्याऐंशी,
गुडघे दोन्ही बदललेले, नजर मात्र जुनीच.

एकोणतीस वर्षं मी लोट्याच्या कारखान्यात
याच चोरांसाठी विष मोजलं.
घरी आलो की सुमती दारातूनच सांगायची,
आधी आंघोळ, मग हात लावा कशाला ते.
रविवारपर्यंत वास जरा उतरायचा.
सोमवारी परत पहिली पाळी.

इथल्या दुकानात एक बाटली उचलली,
चष्मा कपाळावर नेऊन मागची बारीक अक्षरं वाचली.
तिसऱ्या ओळीत ओळखीचं नाव निघालं,
निवृत्तीनंतर बसस्टँडवर साहेब भेटावा तसं.
काय म्हणता, बरं आहे ना, एवढंच बोललो
आणि बाटली फळीवर ठेवून दिली.

बर्निस म्हणाली, अंधार पडला की ये.
तिच्याकडे जांभळ्या उजेडाचा टॉर्च होता,
नवऱ्याचा, खोट्या नोटा ओळखायचा.
तो मारला तशी झाडं काळी झाली
आणि अळ्या पेटल्या. पोपटी.
बोटाएवढ्या जाड, मागे एकेक शिंग.
दिवसभर मी त्यांच्याच तोंडासमोर उभा होतो!

साबणाच्या पाण्याची बादली.
ओढलं तर पकड सोडत नाहीत,
पानासकट येतात.
अकरा मोजल्या.
बारावीला हात घातला तर बर्निसने मनगट धरलं.

बारावीच्या पाठीवर अक्षता.
पांढरे, उभे, एकाला एक लागून,
जणू नुकतंच कुणी लग्न लावून दिलंय हिचं
आणि वऱ्हाड जेवायला गेलंय.

हिला राहू दे, बर्निस म्हणाली. ही आता खायची नाही.
तिळाएवढी एक गांधीलमाशी येते,
हिच्या कातडीखाली अंडी ठेवून जाते.
पिल्लं आतून जेवतात, बाहेर येतात,
पाठीवरच कोष विणतात.
ही जिवंत असते. बराच वेळ.

बियांच्या पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं,
शेजारी हसरा सूर्य.
तो शब्द मी आजवर मऊ समजत होतो.
आमच्या पिंपावर निदान
लाल त्रिकोण तरी असायचा.

पण ह्या माश्या आल्या कुठून?
बर्निसने टॉर्च कोपऱ्यात फिरवला.
शेपू.
मुलगी नाक मुरडते, नातू घर सोडून पळतो,
मी एकटा किती खाणार? म्हणून राहिला,
उंच झाला, पिवळ्या छत्र्या उघडून बसला.
त्या बारीक फुलांवर माश्या मध पितात
आणि पिऊन झालं की कामाला लागतात.

तिच्याकडेही आहे, काकड्यांच्या बरणीसाठी.
तिची आई त्याला पोलिशमध्ये कोपर म्हणायची.
कोपर? मी माझं कोपर वर करून दाखवलं,
म्हटलं, आमच्याकडे हे.
ती कुंपणाला धरून हसली,
त्या बादलीशेजारी,
अकरा मेलेल्यांशेजारी.

सकाळी चहा घेऊन बारावीला बघायला गेलो.
फांदीला तशीच. कोष त्रेचाळीस.
मोजायची सवय, जात नाही.
एकदा तिने डोकं हलवलं, किंवा वारा असेल.
मी चहा तिथे प्यायलो नाही.

आठवड्याने टोपणं उघडली होती,
प्रत्येक दाण्याला गोल झाकण, आत काही नाही.
अळी म्हणजे नुसती सुरकुती.

मुलगी खिडकीतून ओरडली,
बाबा, तो शेपू उपटायचा ना आता?
मी दोन छत्र्या हातात चुरडून बघत होतो.
ऐकू आलं नाही असं केलं.