आते

दावाओहून आली ती, निंभोऱ्याच्या पॅकहाउसवर,
आम्हाला केळी धुवायला शिकवायला.
आम्ही पदर तोंडाला लावून हसलो.
केळीच्या बुडाशी जन्म गेलेल्या बाया आम्ही.

तिने आधी नखं पाहिली, एकेकीची.
मग नेलकटर फिरला रांगेतून,
हुरमत तडवीच्या मेंदीच्या बोटांपासून
माझ्या चिकाने काळ्या झालेल्या अंगठ्यापर्यंत.
मोबाइलातल्या बाईच्या मराठीत म्हणाली,
फळाला लागलेलं आज दिसत नाही.
आठ दिवसांनी, जहाजात, काळं पडतं.

मग कोणी हसलं नाही.
हौदातल्या पाण्यात फण्या तेवढ्या तरंगत राहिल्या.

नाव मारिविक. पण तिच्याकडे थोरल्या बहिणीला
आते म्हणतात.
आमच्याकडे बापाच्या बहिणीला.
मधे एक अख्खी पिढी पडत होती,
ती निंबाबाईने एका वाक्यात उचलली:
"बहीण काय न् आते काय,
माहेरचीच ना वं माय."

थंडीत पऱ्हाट्यांचा जाळ केला, बामणोदची वांगी टाकली.
ती उकिडवी बसली, ओरडली, तालोंग!
आणि जळकी साल अशी सोलली भराभर
की आमचीच बोटं पोळली बघून.
वर शिरका मागितला. शिरका कुठला?
लिंबू पिळलं. डोळे मिटून खाल्लं तिने,
मग हाताने मासा पोहवून दाखवला: सोबत हा हवा.
दुसऱ्या दिवशी यमुना कोळीण
तापीचे चार मासे डब्यात घेऊन आली.

केळफूल आम्ही मोडायचो नि बांधावर फेकायचो.
ती वेचायची. नारळाच्या दुधात शिजवायची.
तिच्या भाषेत त्याला पुसो म्हणतात,
म्हणजे काळीज.
आता मोडताना हात जरा अडतो.

आम्ही दिवसाला शेकड्यांनी खोकी भरायचो.
ती एकच खोकं भरायची, वर्षभर, खोलीच्या कोपऱ्यात.
साबण, बूट, टॉवेल, बिबडे, शेंगदाण्याची चिक्की.
लेक चार वर्षांची होती तेव्हा निघालेली,
आधी मस्कत, मग आणखी कुठे कुठे.
तिच्या घरचं घड्याळ आमच्यापुढे अडीच तास.
आमच्या जेवणाच्या सुट्टीत
तिची लेक संध्याकाळचे दिवे लावायची.

एके दिवशी हौदाजवळ उभी राहून
मोबाइलवर नावांची यादी सरकवत होती,
सरकवत होती,
आणि मटकन ओल्या फरशीवर बसली.
आम्हाला वाटलं, कोणी गेलं.
तोंडातून शब्द फुटेना. शेवटी स्वतःचीच नाडी धरून दाखवली.
नर्स! जोयलीन नर्स झाली!

घरच्यांनी गल्लीच्या तोंडाशी तिचा फोटो टांगलेला,
हा एवढा, पुरुषभर.
अगं, हे तर आपलं फ्लेक्स!
आमच्या फाटकाजवळ रोज नवं चढतं,
काळा चष्मा, सोन्याची साखळी, भाऊंचा वाढदिवस.
आमच्यातल्या कोणाचं तोंड अजून त्यावर गेलं नव्हतं.

चाळीस-चाळीस रुपये काढले.
छापणाऱ्या पोराने विचारलं,
वाढदिवस, का श्रद्धांजली?
नाव त्याने जॉयलीला लिहिलं. चालतंय.
खाली शुभेच्छुक,
सव्वीस बाया, सव्वीस गोल फोटो,
काही आधार कार्डावरचे.

मारिविकने मोबाइल उंच धरला.
समुद्रापलीकडे एका पोरीने
स्वतःला निंभोऱ्याच्या फाटकावर पाहिलं, मागून मालगाडी जाताना.
मग मारिविक वाकली,
निंबाबाईचा हात घेऊन कपाळाला लावला.
त्यांच्याकडे असा मान देतात.
निंबाबाई गडबडली:
"अवं, चिकाचा हात हाये."

संध्याकाळी माझी मुलगी, नववीतली,
सायकल टेकवून विचारते,
आई, यात तू कोणती?
दाखवलं. तिसरी ओळ, दोरी बांधलीय त्याच्या खाली.
हं, म्हणाली.
आणि बराच वेळ पाहत राहिली,
माझ्याकडे नाही,
मधल्या मोठ्या फोटोकडे.