सवाई

माझ्या दुकानात बी पुडीतून येतं.
पुडीवर वांग्याचा फोटो, इतका चकचकीत
की भांग पाडावा त्यात बघून.
दहा ग्रॅम, उगवण, मुदत, लॉट नंबर,
आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ
जी मी कुणाला वाचून दाखवत नाही:
या पिकाचं बी पुढच्या हंगामाला धरू नये.
त्या ओळीवरच माझं दुकान उभं आहे.

अंकलखोपची पुतळाक्का बी भिंतीवर ठेवायची.
पहिलं वांगं नाही, पहिलं उतावळं असतं म्हणे.
तिसरं-चौथं हेरून देठाला लाल चिंधी बांधायची.
चिंधीच्या वांग्याला हात लावायचा नाही,
जावई आला तरी.
ते पिवळं पडायचं, मऊ व्हायचं.
मग पाण्यात कुस्करून,
तरंगलेलं टाकून, बुडालेलं घेऊन,
राखेत कालवून परसातल्या भिंतीवर थापायची.
भिंतभर तिची बोटं.

मागणाऱ्याला नखानं टवका काढून द्यायची.
पैसे नाहीत. सवाई.
"मूठ न्हेलीस तर सव्वा मूठ आण.
न्हाई आणलीस तर मीच ईन दारात."
आणि यायची.

एकदा म्हणालो, "आक्का, माझं वांगं दुप्पट निघतं."
"निघतंय की. मी कुठं न्हाई म्हंती?
पर भरीत खाऊन सांग."
खाल्लं.
सांगितलं नाही.

मग कृष्णा पेठेत आली.
माझ्या पुड्या गल्लीतून तरंगत गेल्या,
कंपनीनं पंधरवड्यात नवा माल धाडला.
पुतळाक्काची भिंत पडली नाही,
बसली.
दमलेलं माणूस बसतं तशी,
जागच्या जागी, चिखलात.

ती दुकानात आली. पहिल्यांदाच.
मी पुडी काढली, सगळ्यात चांगली.
ती म्हणाली, "वही काढ."
कुणाकुणाला बी दिलंय ते सांगत गेली,
आमणापूर, नागठाणे, सुखवाडी,
माणसं, त्यांची आडनावं, साल.
मी एकेकाला फोन लावला.
अकरा नावं.
"ते व्हय? सोडलं की कवाच.
आता तुमच्याच दुकानातलं लावतोय."
अकरा वेळा हे ऐकलं,
फोनचा आवाज मोठा ठेवून.
ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याचंच जास्त लागलं.

"बारावं एक हाय," बऱ्याच वेळानं म्हणाली,
"पर तिला म्या दिलं न्हाई. तिनं चोरलंय."

किसाबाई, धाकटी जाऊ, कुंडलला.
वाटणीच्या रात्री भिंत खरवडून नेली,
तेव्हापासून एकोणीस वर्षं अबोला.
गाडीवर मागं बसून पुतळाक्का एवढंच म्हणाली,
"चोरीचं बी जोमानं येतंय म्हंत्यात.
बघू."

किसाबाईनं या म्हटलं नाही. दारही लावलं नाही.
परसात वांग्याच्या दोन ओळी,
एका देठाला चिंधी. हिरवी.
तेवढं एक तिनं स्वतःचं केलेलं.
सिमेंटच्या भिंतीला राख धरत नाही,
म्हणून बी रांजणाच्या खापरावर थापलेलं.
एक खापर तिनं पुढं केलं, दुसरीकडं बघत.

पुतळाक्कानं ते हातावर तोललं.
"आन् सवाई? एकोणीस वर्सांची?"

किसाबाई आत गेली.
मला वाटलं, झालं, संपलं.
आली तेव्हा काखेत दुसरं खापर होतं
आणि हातात चहाचे तीन कप,
एकाचा कान तुटका. तो तिनं स्वतःला ठेवला.

परत आल्यावर पुतळाक्कानं मला टवका दिला,
नखाएवढा, मी न मागता.
गल्ल्यात आहे, चिल्लरीच्या खालच्या कप्प्यात.
लावलेला नाही.
लावायला माझ्याकडे जागा आहे,
दुकानामागं, नळाजवळ, ऊनही येतं.

परवा मी मालाला सांगलीला गेलो होतो.
शेजारचा सांगत होता,
एक म्हातारी दारात येऊन गेली,
बोलली काही नाही,
बंद शटरवर बोटानं दोनदा वाजवून गेली.