परतीचं भाडं

आचरा तिठ्याजवळ, बर्फाच्या कारखान्यामागे
माझी खोली : एक एसी, दोन पंखे, चौदा हिरवे दिवे.
तीनशे अठ्ठावीस घरांचं नेट इथून जातं.
येतं कुडाळहून, खांबाखांबावरून,
माडाची झावळी पडली तर येत नाही.

मी वर भाडं भरतो ते येण्याजाण्याचं एकच.
जेवढी रुंद वाट आत, तेवढीच बाहेर.
मासळीचा टेम्पो भरून कोल्हापूरला जातो, रिकामा परततो,
डिझेल दोन्ही वेळा जळतं.
माझं उलट. भरून येतो, रिकामा जातो.
रात्री नऊला मालिका, मॅच, कोणाचं तरी लग्न,
आतली वाट फुटायला येते
आणि बाहेरच्या वाटेची रेघ स्क्रीनवर
ओहोटीच्या पुळणीसारखी आडवी पडून.

तरी पत्रकात मीच छापलंय :
डाउनलोड शंभर, अपलोड पाच.
पाचच का, कोणी विचारत नाही.
विचारलंच तर सांगतो, मशीनची मर्यादा.
जुन्या केबलवर ती होती.
फायबर टाकून तीन वर्षं झाली.
आता मर्यादा म्हणजे किनाऱ्यावरची चार रिसॉर्टं,
शंभरास शंभर घेतात, तिप्पट दराने.
सगळ्यांना दिलं तर ती कशाला घेतील?

मंगळवारी पिरावाडीची शेवंता तांडेल आली.
"तो माका बरो दिसता, मी त्येका दिसनंय नाय."
तो म्हणजे लवू, पिंपरीला, लेथवर.
मी म्हटलं, चित्र अडकलं तरी आवाज पोचतो ना?
तिने माझ्याकडे पाहिलं.
पिशवी खाली ठेवली.
पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, जेवलास?
आणि हात तिथेच धरला.
कितीतरी वेळ. पंखा फिरत होता.
"असो ऱ्हवता," म्हणाली. "तो हातान इचारता,
आये, घास धरून कित्याक बसलंस?"

लवूला जन्मापासून ऐकू येत नाही.
सात वर्षं मी त्या घराचं बिल फाडतोय.

ती गेल्यावर तिच्या नावापुढचा पाच खोडून
पन्नास टाकला. दोन कळा दाबल्या.
खर्च : काही नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आडव्या रेघेवर
केसाएवढं काही उभं राहिलं,
अर्धा तास हलत होतं.
मी जेवायला उशिरा गेलो.

पत्रक बदललेलं नाही.
अजून दोनशे प्रती पडून आहेत.